सगुणा कंडक्टरचा उजवा पाय

सगुणा पावसेला माणसांचा राग नव्हता. तिला रड्या माणसांची किळस होती. पण रत्नागिरी–पावस–पूर्णगड गाडीवर बारा वर्षं काढल्यावर तिचं ठाम मत झालं होतं, की जगात दुसऱ्या प्रकारची माणसं फारशी उरलेलीच नाहीत. खिडकी उघडत नाही म्हणून रडणारे, बंद होत नाही म्हणून रडणारे, भाट्याच्या पुलावर वारा लागतो म्हणून कानाला मफलर बांधून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं कण्हणारे. गोळपच्या चढावर एखादे मास्तर म्हणाले, "बाई, कंबर मोडली हो, जरा सावकाश घ्यायला सांगा," की सगुणा मशिनमधून तिकीट ओढत विचारायची, "काय मास्तर, बाळंत व्हायला निघालात काय? सिव्हिलला उतरवू?" गाडी हसायची. मास्तर पावसपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचे.

हा गुण तिने माहेराहून, बुरोंडीहून आणला होता. तिची आई कमळा बाळंतपणानंतर आठव्या दिवशी डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन दापोलीच्या बाजारात उभी राहिलेली बाई. लेकीच्या, सानिकाच्या वेळी सगुणाचं सिझर झालं तेव्हा आई भेटायला आली, तिने टाक्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याशा चिरेला धा दिस खाट? मी पाटी उचलली असती." दुसऱ्या दिवशी सगुणा उठून विहिरीवर गेली. एक टाका उसवला. तो परत घालून घेतला आणि कुणाला सांगितलं नाही.

नवरा महिपत मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात होता. वीस वर्षं बर्फात राहून माणूसही बर्फाच्या लादीसारखा झालाय, ठेवला तिथे राहतो, असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची. महिपत त्यावरही काही बोलायचा नाही. त्यामुळे ते खरंच आहे अशी तिची आणखी खात्री व्हायची.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिची पाळी बिघडली. आधी सात दिवस, मग नऊ, मग अकरा. खाकी कुडत्याखाली दोन-दोन घड्या घेऊन ती ड्युटी करायची. गाडीत चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा दांडी धरून उभी राहायची आणि कुणी बघत असेल तर त्याच्यावरच खेकसायची. एका दुपारी पूर्णगडला गाडी रिकामी झाली तरी ती आपल्या सीटवरून उठली नाही. ड्रायव्हर धाकू वर्षभरात निवृत्त होणारा माणूस होता. तो मागे आला, त्याने सीट बघितली, आपला टॉवेल तिच्या बाजूला ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

"बाय, डॉक्टरकडं जा गो," तो म्हणाला.

"गाडी चालवायची सोडून बायकांची दुखणी कधीपासून बघायला लागलात?" सगुणा म्हणाली. टॉवेल मात्र घेतला.

दुसऱ्या दिवशी ती माळनाक्यावर डॉक्टर मृणालींकडे गेली. या बाई बोलायला कोरड्या. त्यांच्या दवाखान्यात देवाचा फोटो नव्हता, खुशालीची विचारपूस नव्हती. हिमोग्लोबिन सातच्या घरात होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन गाठी दिसल्या. एक लिंबाएवढी. दुसरी मोसंबीएवढी, आणि ती मागच्या बाजूला, पाठीच्या हाडाला चिकटून.

"फायब्रॉइड आहेत. कॅन्सर नाही, घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आधी रक्त वाढवू. मग ऑपरेशन. सहा आठवडे विश्रांती."

सगुणाने घाबरण्याचं नावही काढलं नव्हतं. त्या शब्दानेच तिचं डोकं फिरलं. "सहा आठवडे? मी काय जमीनदारीण आहे?"

"नाही. म्हणूनच सहा सांगतेय. नंतर तुम्हाला जिने चढायचेत."

सगुणा बाहेर आली ती डॉक्टरांना मनातल्या मनात नावं ठेवतच. या बायकांना सुरी चालवण्याशिवाय काही येत नाही, असं तिने घरी जाहीर केलं. महिपत "बरं" म्हणाला.

त्याच आठवड्यात डेपोत एक रंगीत कागद फिरत आला. मारुती मंदिराजवळच्या हॉलमध्ये नवी मुंबईच्या एका सेंटरचं शिबिर होतं. ना चीर, ना टाका, ना डाग, दुसऱ्या दिवशी कामावर हजर, असं त्यावर लिहिलं होतं, आणि शेजारी पांढरी साडी नेसलेली एक बाई उगाच हसत होती. सेंटरचं नाव कुठल्याशा फुलावरून होतं. सगुणा आज ते नाव घेत नाही. 'दुकान' म्हणते.

शिबिरात बोलायला दर्शन नावाचा मनुष्य होता. डॉक्टर नव्हे, समुपदेशक. मे महिन्यात कोट घातलेला, आणि बुटांची टोकं इतकी निमुळती की त्यात माणसाची बोटं मावतात कशी हा प्रश्न पडावा. तो प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मॅम' म्हणायचा आणि शेवटी हसायचा. भिंगातून ऊन एका जागी धरलं की कागद जळतो ना, तसं हे, तो सांगत होता. ध्वनिलहरी बाहेरून सोडायच्या, त्या नेमक्या गाठीवर एकवटतात, गाठ आतल्या आत भाजून निघते आणि हळूहळू विरते. कातडीला ओरखडा नाही. "मॅम, तुम्ही फक्त पालथं पडून गाणी ऐकायची."

हा गाड्यांतून फिरून कंगवे विकणाऱ्यांतला आहे, हे सगुणाने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. अशांना ती गाडीत चढूही देत नसे. पण तो विकत होता ती गोष्ट तिला हवी होती. खाट नको, रजा नको, कुणी उशाशी बसायला नको. तिने स्वतःला समजावलं की विकणारा फालतू असला म्हणून माल फालतू असतो असं नाही.

महिपतने आयुष्यात पहिल्यांदा एक सूचना केली. "त्या डॉक्टरीणबाईंना एकदा विचारूया."

डॉक्टर मृणालींनी कागद वाचला. सगुणाला वाटलं, आता ही चिडणार. त्या चिडल्या नाहीत.

"उपचार खोटा नाही," त्या म्हणाल्या. "काही बायकांना चांगला लागू पडतो. पण तुमची मोठी गाठ मागे आहे. तिच्यापाठी हाड, आणि हाडाजवळून पायाच्या नसा जातात. शिवाय पोटावर सिझरचा व्रण. व्रणाची कातडी जास्त तापते. या दोन गोष्टी त्यांना विचारा. नीट उत्तर मिळालं तरच जा."

"गिऱ्हाईक चाललं म्हणून पोटात दुखतंय तिच्या," रिक्षात बसताना सगुणा म्हणाली. महिपत रस्त्याकडे बघत राहिला.

रक्त वाढवायची इंजेक्शनं घेऊन दीड महिन्यानंतर दोघं नवी मुंबईला गेली. सेंटरमध्ये जमीन इतकी चकचकीत होती की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. दर्शनने अकरा पानांचा इंग्रजी कागद पुढे केला आणि सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या. सगुणाने व्रणाचं सांगितलं. नर्सने व्रणावर एक पट्टी चिकटवली. मग तिने विचारलं, "आणि पायाच्या नसांचं काय?"

"मॅम, मशिनला सगळं दिसतं," दर्शन हसला.

हे उत्तर नव्हतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. गोळपचा एखादा पोरगा पास विसरलाय म्हणून असं काही सांगता, तर तिने त्याला पुढच्या स्टॉपला उतरवलं असतं. पण पुन्हा विचारलं तर आपण घाबरलो असं दिसेल. तिने सह्या केल्या.

तिला अरुंद टेबलावर पालथं झोपवलं. पोटाखाली पाण्याची थंड पिशवी आणि त्याखाली ते मशिन. हातात वायरला जोडलेलं एक बटण दिलं. गुंगीचं औषध दिलं, पण थोडंच. पूर्ण झोपायचं नाही, असं सांगितलं. काचेपलीकडून एका तरुण डॉक्टरचा आवाज स्पीकरवर आला. "मॅम, कुठे जास्त दुखलं तर बटण दाबा. मशिन लगेच थांबेल."

सगुणाला हसू आलं. बारा वर्षं एका घंटीवर गाडी थांबवली होती आणि दोन घंट्यांवर सोडली होती. हे तिला शिकवतायत!

पहिला तास पोटात नुसती ऊब होती. मग एकदम उजव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखी कळ गेली. तिने बटण दाबलं. मशिन थांबलं.

"काय झालं मॅम?"

"पायात चमक आली."

"येते थोडी. जरा जागा बदलतो. ठीक?"

पुन्हा सुरू झालं. दहा मिनिटांनी पुन्हा तीच तार. तिने पुन्हा दाबलं. या वेळी आवाज यायला उशीर झाला, आणि आला तो दमलेला होता. "मॅम, असं सारखं थांबवलं तर काम अर्धवट राहतं. कॉलेजातल्या मुलीसुद्धा करून जातात. तुम्ही तर स्ट्राँग आहात."

ते वाक्य सगुणाच्या वर्मी बसलं. कॉलेजातल्या मुली. म्हणजे काचेपलीकडे बसलेल्या त्या पोराच्या लेखी ती गाडीतल्या मास्तरांसारखी होती, कंबर मोडली म्हणून कुरकुरणारी. तिच्या मानेपर्यंत शरम चढली.

तिसऱ्यांदा तार ओढली गेली तेव्हा अंगठा बटणावरच होता. तिने तो उचलून बाजूला ठेवला. टेबलाच्या रेक्झिनमध्ये दात रुतवले. मग चौथ्यांदा, पाचव्यांदा. नंतर मोजायचं सोडलं. साधारण पाऊण तासाने पाय दुखायचा थांबला आणि आपण जिंकलो, असं तिला वाटलं. पाय दुखायचा थांबला होता, कारण तो आता काहीच सांगत नव्हता.

"व्हेरी गुड मॅम. झालं," स्पीकर म्हणाला.

उठवून बसवल्यावर तिने चपलेत पाय घातला. उजवं पाऊल घोट्यातून खाली लोंबत होतं. उचल म्हटलं तर उचलेना. दोन पावलं टाकली तर चप्पल मागेच राहिली आणि तळवा फरशीवर फटकन आपटला. पोटावरची पट्टी काढली तर व्रणाच्या वर वीतभर लाल झालं होतं, आणि मधोमध रुपयाएवढा भाग उकडलेल्या माशाच्या कातडीसारखा पांढरा.

"थोडा वेळ बधिर राहतं मॅम," दर्शन म्हणाला. "मुंग्या आहेत त्या."

तरुण डॉक्टर येऊन तळव्याला टोचून गेला. रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि घरी जायचा कागद दिला. निघताना दर्शन मोबाइल रोखून समोर उभा राहिला.

"मॅम, एकच मिनिट. बसूनच. फक्त म्हणा, मला काही त्रास झाला नाही."

सगुणाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की फुकट्या प्रवाशाने आपणहून खाली उडी मारली असती. "पाऊल उचलत नाहीय माझं. हे घे त्याच्यात."

"मॅम, पॉझिटिव्ह बोलूया ना."

"पॉझिटिव्ह? तुझ्या त्या चोचीच्या बुटात माझा पाय घाल आणि जिना उतरून दाखव. मग बोलते."

दर्शनने मोबाइल खिशात घातला. हसू मात्र जागच्या जागीच होतं. तोंडावर शिवल्यासारखं.

रत्नागिरी स्टेशनवर महिपतने खांदा पुढे केला. तिने तो घेतला नाही. कठडा धरून, उजवा गुडघा घोड्यासारखा उंच उचलत, ती एकेक पायरी उतरली. घरासमोर जांभ्याच्या सात पायऱ्या होत्या. सातव्या पायरीवर ती बसली आणि तिथून आत बसल्या बसल्या सरकत गेली. सानिका कॉलेजातून आलेली. तिला बघून पोरगी रडायला लागली. "गप गो," सगुणा ओरडली, "मी मेलेय काय?"

पुढचे आठ दिवस तिने दर्शनला फोन केले. पहिले दोन त्याने उचलले. मग नुसते निरोप यायला लागले. "मॅम, पेशन्स ठेवा," आणि खाली जोडलेले दोन हात. तिने पोटाचा फोटो पाठवला, तर पिवळ्या फुलाचं चित्र आलं आणि त्यावर सुप्रभात. तोवर पोटावरचा पांढरा भाग काळा पडून पिकला होता आणि त्याच्या आत सुपारीसारखं काहीतरी घट्ट लागत होतं. नवव्या दिवशी ताप आला. महिपतने तिला न विचारता रिक्षा आणली.

डॉक्टर मृणाली टोमणा मारणार म्हणून सगुणाने वाटेत दोन उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. डॉक्टरांनी जखम बघितली, पाऊल वर-खाली करायला लावलं, अंगठा उचलायला सांगितला. तो उचलला गेला नाही. मग त्यांनी सेंटरचा कागद वाचला. त्यावर होतं, प्रकृती उत्तम, किरकोळ मुंग्या.

"किरकोळ," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण असा आवाज सगुणाला पूर्ण बारा वर्षांत, फुकट्यांवर सुद्धा, काढता आला नव्हता.

त्यांनी तिथूनच सेंटरला फोन लावला. स्वागतकक्ष, मग संगीत, मग दर्शन. डॉक्टरांनी त्याला म्हटलं, "तुम्ही फोन ठेवा आणि शिकलेल्या माणसाला द्या." पंधरा मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवून त्यांनी सगुणाला समजावलं. गाठीमागचं हाड तापलं, आणि हाडाला लागून असलेली पायाची नस भाजली. तुटलेली नाही, त्यामुळे परत येण्याची आशा आहे. पण महिने जातील. पाऊल वर धरायला प्लास्टिकचा पट्टा, रोज व्यायाम, कोल्हापूरला नसेची तपासणी. पोटावर कातडीखालची चरबी भाजलीय, ती साफ करावी लागेल.

मग त्या थांबल्या. "हातात बटण दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

"दाबलं नाहीत?"

"दोनदा दाबलं."

"मग?"

सगुणा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. महिपत दाराशी उभा होता. "तिसऱ्यांदा लाज वाटली," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "कमाल आहे. एवढी गाडी हाकणारी बाई तुम्ही. अहो, त्या काचेपलीकडच्याला गाठ दिसते, हाड दिसतं. नस दुखतेय की नाही ते दिसत नाही. ते फक्त तुम्हाला कळतं. म्हणून तर तुम्हाला जागं ठेवतात आणि बटण देतात. आणि तुम्ही लाजलात! कुणाला? त्या पोराला?"

सगुणाला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. बोलायचं काम तिचं होतं. ती घरी आली. दोन दिवस जेवण पुढ्यात आलं की जेवायची, ताट सारायची, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. महिपत संध्याकाळी कारखान्यातून आला की तिचं पाऊल मांडीवर घेऊन डॉक्टरांनी दाखवलं तसं वर-खाली करायचा. त्याचे हात थंडगार असायचे. पण त्या पायाला ते कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जोरात करा जरा. लोणी लावताय काय?"

डेपोने तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे तिचा जीव गुदमरे. गाडी कधी, गाडी कुठे, लागलीय का, गेली का. फलकावर ठसठशीत लिहिलेलं असताना तेच विचारणारी माणसं तिला गाडीतल्यांहून हलकी वाटायची. पण जागेवरून उठायची वेळ आली की तिचाच पट्टा खटखट वाजे आणि रांगेतली माणसं सहानुभूतीने वाट करून देत. ती सहानुभूती तिला थुंकल्यासारखी लागे.

आणि या सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की पाळी सुधारली. अकराचे सहा झाले, सहाचे चार. हिमोग्लोबिन अकरावर गेलं. मोसंबीची गाठ निम्मी झाली. उपचार साफ फसला असता तर शिव्या देणं सोपं होतं. आता शिवी देताना मध्ये 'पण' येत होता, आणि तिला 'पण' म्हणणाऱ्या माणसांचा कायमचा तिटकारा होता.

सातव्या महिन्यात सानिका मोबाइल घेऊन आली. "आई, ते परत येतायत. त्याच हॉलमध्ये."

सगुणा मागच्या रांगेत बसली. बाजूला महिपत. समोर साठ-सत्तर बायका, कुणी मिऱ्याच्या, कुणी शिरगावच्या, एक तर पार केळशीहून आलेली. दर्शन तोच, कोट नवा. पण या वेळी व्यासपीठावर खुर्चीत तो काचेपलीकडचा तरुण डॉक्टरही होता. पडद्यावर चित्रं सरकत होती. भिंग, ऊन, कागद. मग एकदम सगुणाचा चेहरा आला. उपचाराच्या आधी सेंटरच्या दारात काढलेला फोटो.

"आणि या तर तुमच्याच रत्नागिरीच्या सगुणा मॅम," दर्शन म्हणाला. "एसटीत वाहक. दुसऱ्या दिवशी कामावर हजर!"

टाळ्या वाजल्या. महिपत उठायला लागला. तिने त्याला दंड धरून खाली बसवलं. मग वाकून उजव्या पायाचा पट्टा सोडला, चपला काढल्या, आणि मधल्या वाटेने पुढे निघाली. डावा पाय नीट पडे. उजवा फट्. डावा, मग फट्. टाळ्या एकेक करून थांबल्या. व्यासपीठापर्यंत जाईतो हॉलमध्ये तेवढाच आवाज राहिला.

"तीच मी," ती बायकांकडे तोंड करून म्हणाली. "गाठ अर्धी झाली, रक्त थांबलं, ते खोटं नाय. पाय गेला ते पण खोटं नाय. सात महिने खिडकीत बसलेय."

"मॅम, हे हजारात एखादीला होतं," दर्शन घाईघाईने माइक ओढत म्हणाला.

"मग ती हजारातली एक मी ना? नऊशे नव्याण्णव चांगल्या होत्या तुझ्याकडे. मग फोटो माझाच कसा मिळाला रे तुला?"

केळशीची बाई मोठ्याने हसली. मग दुसरी हसली. दर्शनचं हसू पहिल्यांदाच तोंडावरून उतरलं, आणि त्याखालचा चेहरा अगदीच सामान्य निघाला. घाबरलेल्या कारकुनाचा.

"करायचं तर करा," सगुणा म्हणाली. "पण गाठ पुढं हाय की मागं, ते विचारा. पोटावर जुनी चीर असेल तर सांगा, आणि पट्टी लावून गप्प बसवतील तर गप्प बसू नका. हातात बटण देतील. पायात कळ गेली की दाबा. पन्नास वेळा दाबा. ते कंटाळतील, कंटाळू देत. मी लाजले, म्हणून ही दशा."

ती परत फिरली. महिपत तिच्या चपला आणि पट्टा घेऊन तिच्यामागे बाहेर आला. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून पट्टा बांधत होती, तेव्हा तरुण डॉक्टर मागोमाग आला. तो जवळून पाहिला तर सानिकापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठा असेल.

"मॅम, तुम्ही तिसऱ्यांदा दाबलं नाहीत, म्हणून मला वाटलं..."

"तुला वाटलं. मला दुखत होतं."

तो उभाच राहिला. "दोनदा दाबल्यावर मीच थांबायला हवं होतं. त्या बाजूची गाठ सोडायला हवी होती."

"ते मला काय सांगतोस? तुझ्या कागदावर 'किरकोळ' आहे अजून." तिने पिशवीतून फाइल काढून बाकावर आपटली. महिपतने शर्टाच्या खिशातलं पेन पुढे केलं. "लिही. काय झालं, का झालं. मराठीत लिही, मला वाचता येईल असं. आणि सही कर."

तेवढ्यात दर्शन दारात आला. "सर, असं लेखी काही देऊ नका. आधी ऑफिसला विचारू."

डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं, मग महिपतकडे. महिपत त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला होता. रुंद आणि गार. दर्शन आत गेला. डॉक्टरने लिहिलं. दुसऱ्यांदा कळ येऊनही त्या भागावर उपचार चालू ठेवला, त्यामुळे उजव्या पायाच्या नसेला इजा, व्रणाजवळ कातडी भाजली. खाली सही, तारीख. त्याचं अक्षर शाळकरी पोरासारखं वाकडं होतं. सगुणाने दोनदा वाचून घेतलं आणि एक काना राहिला होता तो त्याच्याकडून भरून घेतला.

तिने त्याला माफ केलं नाही. तो चांगला पोरगा असेलही. पण चांगल्या पोरांनी कंटाळा काचेबाहेर ठेवून यावा, असं तिचं मत आहे. कागदाची एक प्रत डॉक्टर मृणालींनी वरच्या वैद्यकीय मंडळाकडे धाडली. तिथून पोच आली. त्यापुढे अजून काही आलेलं नाही. सेंटरने पडद्यावरचा तिचा फोटो काढून टाकला आणि दुसऱ्या कुठल्या बाईचा लावला, असं केळशीच्या त्या बाईने खिडकीत येऊन सांगितलं. तिचं नाव चिमा. तिची गाठ पुढच्या बाजूला होती. तिने उपचार घेतला, चार वेळा बटण दाबलं, आणि पाचव्या दिवशी चालत घरी आली. सगुणाला हे ऐकून आनंद झाला की राग आला, ते तिलाही सांगता येत नाही.

अकराव्या महिन्यात पाऊल वर उचललं जायला लागलं. आधी बोटभर, मग चार बोटं. पट्टा सुटला. अंगठा मात्र आजही बधिर आहे, त्याला ठेच लागली तरी रक्त बघून कळतं. वैद्यकीय तपासणीत ती पास झाली, आणि गेल्या पावसाळ्याअखेर परत पूर्णगड गाडीवर आली. धाकू निवृत्त झाला होता. नवा ड्रायव्हर नितेश नावाचा, वळणावर ब्रेक दाबणारा. पहिल्याच दिवशी तिने त्याचा आई-बापांपासून उद्धार केला. पायऱ्या चढताना उजवा पाय अर्धा क्षण मागे राहतो. कुणी "बाई, सावकाश" म्हटलं तर ती अजूनही त्याला सोलून काढते. मफलरवाले आहेत, खिडकीवाले आहेत, आणि तिची जीभ जागेवर आहे.

गेल्या महिन्यात सोनोग्राफी झाली. मोठी गाठ आणखी आक्रसलीय. लिंबाएवढी होती ती मात्र जराशी वाढलीय. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, डॉक्टर मृणाली म्हणाल्या, आणि काही दुखत-खुपत असेल तर आताच सांगा.

सगुणाने सांगायला सुरुवात केली. कुल्ल्यात थंडीची कळ येते, व्रणाला खाज येते, शिंकलं की पोटात ओढतं. डॉक्टर लिहीत होत्या. बाहेर रांगेतल्या बायका कुरकुरायला लागल्या. सगुणाने दार उघडून त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला, दार लावलं, आणि पुढचं सांगायला लागली.